कौल लावण्याआधी

१ फेब्रुवारी १९५९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालं. प्रश्न होता, बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताचा अधिकार द्यायचा की नाही. मत अर्थातच फक्त पुरुष देणार होते, कारण बायकांना तो अधिकार नव्हताच. ६६.९ टक्के पुरुषांनी ‘नको’ म्हटलं आणि विषय बारा वर्षं मागे पडला. १९७१ साली तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी ‘हो’ आलं. आपेन्झेल इनररोडन नावाच्या चिमुकल्या कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे तिथला प्रांत) पुरुषांनी तर स्थानिक मतदानातून बायकांना १९९०पर्यंत बाहेर ठेवलं. शेवटी संघीय न्यायालयानं त्यांचा कान पकडला.

आज हे वाचून हसू येतं. ज्यांचा प्रश्न त्यांनाच वगळून बाकीच्यांना विचारायचं, ही काय रीत झाली? पण समलिंगी विवाहावर सार्वमत घ्यायचं ठरतं तेव्हा रीत फारशी वेगळी नसते. समलिंगी माणसांनाही एकेक मत असतं, एवढाच फरक. मुळात संख्येनं थोड्या असलेल्यांच्या हातात एकेक मत द्यायचं आणि निकाल उरलेल्यांवर सोपवायचा, यात जिंकण्याचा एकच मार्ग राहतो: उरलेल्यांचं मन वळवणं. आणि ते काम कुणाच्या अंगावर पडतं? ज्याचं लग्न अडलंय त्याच्याच.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. दोन सज्ञान माणसं लग्न करायला उभी राहिली तर ती स्त्री आहेत की पुरुष, याची चौकशी सरकारनं करू नये. पण ते पटवून देण्यासाठी हा लेख नाही. मतदानाआधीचे तीन-चार महिने जी चर्चा चालते, घरात, टीव्हीवर, विजेच्या खांबांवर, तिच्याबद्दल मला बोलायचंय. त्या चर्चेचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, हे निकालाच्या जल्लोषात कुणी विचारत नाही.

सार्वमत सगळीकडे एकाच कारणानं येत नाही. आयर्लंडची राज्यघटना १९३७ची आणि तिच्यातलं एक अक्षर बदलायचं तरी जनतेकडे जावं लागतं. कॅथरिन झॅपोन आणि अ‍ॅन लुईस गिलिगन या दोघींनी कॅनडात लग्न केलं होतं. आयर्लंडच्या कर खात्यानं ते मानावं म्हणून त्या कोर्टात गेल्या. २००६ साली तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं की घटनेतला ‘विवाह’ म्हणजे स्त्री-पुरुषांचा विवाह. त्यानंतर घटनेत दुरुस्ती करून घेणं हाच खात्रीचा रस्ता उरला. तेव्हा समलिंगी विवाहावरचं २२ मे २०१५चं सार्वमत ही कुणाची लहर नव्हती.

ऑस्ट्रेलियात अशी काहीच अडचण नव्हती. १९६१च्या विवाह कायद्यात विवाहाची व्याख्या दिलेली नव्हती. २००४ साली जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनं संसदेत दुरुस्ती आणून ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ हे शब्द त्यात घातले. तेव्हा जनतेला कुणी काही विचारलं नाही. संसदेत विधेयक आलं, मंजूर झालं, विषय संपला. २०१३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानं राजधानी प्रदेशाचा समलिंगी विवाहाचा कायदा रद्द केला, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की असा कायदा करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला आहे. अधिकार हातात होता. तरी २०१७ साली सरकारनं घरोघर पाकिटं पाठवली.

पाकिटात एक कागद. त्यावर एकच प्रश्न: समलिंगी जोडप्यांना विवाह करता यावा म्हणून कायदा बदलावा का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. सोबत टपालखर्च भरलेलं परतीचं पाकीट. हे काम निवडणूक आयोगाकडे नव्हतं, सांख्यिकी खात्याकडे होतं, जे एरवी जनगणना करतं आणि महागाई मोजतं. कारण रीतसर मतदानाच्या विधेयकाला सिनेटनं २०१६च्या नोव्हेंबरात नकार दिला होता, म्हणून ‘मतदान’ हा शब्दच टाळून त्याला ‘पाहणी’ म्हटलं गेलं. खर्च ८ कोटी ५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. निकाल संसदेवर बंधनकारक नाही. पाहणी सुरू असताना कुणाला धमकावू नये, कुणाची विटंबना करू नये, यासाठी संसदेला घाईघाईनं एक तात्पुरता कायदाही करावा लागला. ज्या चर्चेत उतरण्याआधी माणसांना कायद्याचं चिलखत घालावं लागतं, ती चर्चा निरोगी होईल असं तो कायदा करणाऱ्यांनाही वाटत नसणार.

लग्नाचं दार लावून घ्यायला संसद पुरली होती. उघडायला सव्वा कोटीहून जास्त चिठ्ठ्या लागल्या.

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा इथेच येतो आणि तो ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, विवाह ही दोघांपुरती गोष्ट नाही. ती समाजाची संस्था आहे, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून चालवलेली. तिचा अर्थ बदलायचा तर सगळ्या भागीदारांना विचारा. मला हा मुद्दा पोकळ वाटत नाही. लग्न नुसतं खासगी असतं तर साक्षीदार कशाला लागले असते, नोंदवही कशाला लागली असती? पण मग हा नियम प्रत्येक बदलाला लावायला हवा. इंग्लंडमध्ये १९९१ सालापर्यंत नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार मानली जात नव्हती. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ती जुनी समजूत निकालात काढली. लग्नाच्या अर्थात याहून मोठी उलथापालथ कोणती? बायकोचं शरीर नवऱ्याच्या मालकीचं आहे की नाही, हाच प्रश्न होता. ‘समाजाची संस्था आहे, आधी आम्हाला विचारा’ म्हणून कुणी मतपेट्या मागितल्या नाहीत. आयर्लंडनं मात्र घटस्फोटही सार्वमतानंच आणला, १९९५ साली, अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मतांच्या फरकानं. निदान तो देश स्वतःशी सुसंगत आहे. बाकी ठिकाणी भागीदारांची आठवण नेमकी दुसऱ्याचं लग्न आलं की होते.

चर्चा सुरू झाली की ती विषयावरून घसरते, आणि घसरून कुठे जाणार तेही ठरलेलं असतं. आयर्लंडच्या घटनेत घालायचं वाक्य इंग्रजीत सतरा शब्दांचं होतं: कायद्यानुसार दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगाचा भेद न करता, विवाह करता येईल. (या वाक्याची एक गंमत आहे. तिथे घटनेच्या आयरिश भाषेतल्या मजकुराचा शब्द अखेरचा मानतात. त्याचा पहिला मसुदा असा झाला होता की त्यावरून फक्त दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनीच लग्न करावं असा अर्थ निघू शकतो, असं टीकाकारांनी दाखवून दिलं. मार्च २०१५मध्ये तो नीट केला गेला. भाषेच्या माणसांना कमी लेखू नये.) तर त्या सतरा शब्दांत ‘मूल’ हा शब्द कुठेच नाही. पण डब्लिनच्या खांबांवर नकाराच्या बाजूची जी ठळक पोस्टरं चढली, ती मुलांबद्दल होती. मुलांना आई आणि बाप दोन्ही मिळायला हवेत. सरोगसी नको, तिला नऊ महिने नाही, जन्मभर आई हवी.

त्यातलं एक पोस्टर डोळ्यांसमोर आणा. तरणे आई-बाप, मध्ये गोबऱ्या गालांचं बाळ, दोघं दोन बाजूंनी त्याचा पापा घेताहेत. पुढे कळलं की तो फोटो विकत मिळणाऱ्या तयार फोटोंपैकी होता, आणि ज्या जोडप्याचा तो होता त्यांनीच निवेदन काढून सांगितलं की आमचा पाठिंबा ‘हो’ला आहे. बाळाला अर्थातच कुणी विचारलं नाही.

पालकत्वाचा आणि दत्तकाचा कायदा आयर्लंडच्या संसदेनं सार्वमताच्या आधीच, २०१५च्या एप्रिलमध्ये, वेगळा उरकून टाकला होता. म्हणजे ‘हो’ जिंको की ‘नाही’, समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेता येईल की नाही याचा निर्णय त्या मतपेटीत होणारच नव्हता. तरीही प्रचार त्यावरच फिरला, कारण दोन प्रौढ माणसांच्या प्रेमाविरुद्ध सरळ तोंडावर बोलणं तोवर अवघड झालं होतं. मूल मात्र बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणालाही बोलता येतं. आणि त्याच खांबाखालून रोज शाळेत जाणारी अशीही मुलं होती ज्यांच्या घरी दोन आया होत्या. आपल्या घरात काहीतरी कमी आहे, हे त्यांना रोज सकाळी वाचायला मिळत होतं. मुलांच्या काळजीपोटी लावलेल्या पोस्टरांना या मुलांची काळजी नव्हती.

स्वित्झर्लंडचं वेगळं होतं, तेही नोंदवायला हवं. तिथे संसदेनं कायदा आधी केला. विरोधकांनी सह्या गोळा करून तो २६ सप्टेंबर २०२१च्या मतदानाला नेला. त्या कायद्यात स्त्री-जोडप्यांना शुक्राणूदानातून मूल होऊ देण्याची तरतूद खरोखरच होती. त्यामुळे तिथले विरोधक मुलांविषयी बोलले ते विषयाला धरून होतं. ६४.१ टक्के ‘हो’ आलं, सगळ्या सव्वीसच्या सव्वीस कॅन्टनांतून. आपेन्झेल इनररोडनमधूनही, जरा काठावर का होईना.

मग समतोलाची गोष्ट. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं की सार्वमतात सरकारनं जनतेचा पैसा एकाच बाजूच्या प्रचाराला वापरायचा नाही. रेडिओ-टीव्हीवरही दोन्ही बाजूंना न्याय्य वागणूक द्यावी लागते. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. करवाढीवर किंवा एखाद्या करारावर मतदान असेल तर असंच व्हावं. पण इथे स्टुडिओत काय घडतं? एका खुर्चीवर वीस वर्षं एका बाईसोबत संसार केलेली बाई. ती आपल्या घराविषयी चार वाक्यं बोलते. समोरच्या खुर्चीवर ‘दुसरी बाजू’. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघून म्हणतो, आता तुमचं मत. कशावर मत? पहिलीनं मत मांडलेलंच नसतं, तिनं हकिगत सांगितलेली असते. तिच्या आयुष्याला प्रतिवाद म्हणून उभा केलेला माणूस संध्याकाळी घरी जातो आणि त्याचं स्वतःचं लग्न जिथल्या तिथे असतं. हरला तरी त्याचं काही जात नाही. खुर्च्या दोन असल्या तरी पणाला एकच बाजू लागलेली असते.

हा ‘दुसरी बाजू’वाला बहुतेकदा सभ्य असतो. त्याचा शेवटचा युक्तिवादही सभ्य असतो: नोंदणीकृत सहजीवनाची सोय दिलीय ना, मग ‘लग्न’ हाच शब्द कशाला हवा? आयर्लंडमध्ये ती सोय २०११पासून खरोखरच होती. पण शब्द इतका किरकोळ असेल तर तो न देण्यासाठी एवढा आटापिटा कशाला? तैवानमध्ये या शब्दाची गोष्ट फार बोलकी आहे. तिथल्या घटना न्यायपीठानं मे २०१७मध्ये ७४८ क्रमांकाचा निर्वाळा देऊन दोन वर्षांत समलिंगी विवाहाची तरतूद करा असं सांगितलं. त्यानंतर २०१८च्या नोव्हेंबरात विरोधकांनी सार्वमत घडवून आणलं आणि नागरी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच ठेवावा याला सुमारे ७२ टक्क्यांनी होकार मिळाला. सरकारची दोन्हीकडून कोंडी. मे २०१९मध्ये कायदा झाला तो स्वतंत्र, नागरी संहितेच्या बाहेर, आणि त्याचं नाव काय ठेवलं? ‘निर्वाळा क्रमांक ७४८च्या अंमलबजावणीचा कायदा’. लग्नाचा कायदा, आणि शीर्षकात लग्न नाही. फाइलचा नंबर आहे.

आता दारावर जाऊ. कुठलाही देश घ्या, प्रचाराची संध्याकाळ सारखीच असते. दार उघडतं, आतला माणूस ओले हात पुसत उभा. दारातला पोरगा पाठ केलेलं वाक्य म्हणतो: मी गे आहे, मला लग्न करता यावं म्हणून तुमचं मत मागायला आलोय. आतला माणूस वाईट नाही. तो म्हणतो, ‘बघू’. ते ‘बघू’ खिशात घालून पोरगा पुढच्या दारावर जातो. कुठे ‘शुभेच्छा’ मिळतात, कुठे दार तोंडावर आपटतं, कुठे एखादी म्हातारी आत बोलावून पाणी देते आणि मग विचारते, तुझ्या आईला माहिती आहे का? संध्याकाळी चाळीस दारं. चाळीस वेळा स्वतःची ओळख करून द्यायची, आणि तीही स्वतःच्या सगळ्यात नाजूक भागापासून सुरुवात करून. दुसऱ्या कुणाला लग्नासाठी आळीभर फिरून संमती गोळा करावी लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

मोठ्या माणसांनाही यातून सुटका नव्हती. २०१५च्या जानेवारीत लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण गे असल्याचं सांगितलं. तेव्हा ते आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते आणि दोन वर्षांनी पंतप्रधान झाले. (आडनावावरून ओळख पटलीच असेल, वडिलांकडचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.) मतदानाच्या आठवडाभर आधी उर्सुला हॅलिगन या टीव्ही वाहिनीच्या राजकीय संपादक बाईंनी वर्तमानपत्रात लेख लिहून शाळकरी वयापासून दाबून ठेवलेली गोष्ट सांगितली. त्या श्रद्धावान कॅथलिक होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण धाडसाचं कौतुक करताना आपण एक सोयीस्कर विसर पाडतो: ही वेळ त्यांच्यावर आणली कुणी? ज्या गोष्टी माणूस आपल्या वेळेनं, आपल्या माणसांना सांगतो, त्या मतदानाच्या तारखेच्या हिशेबानं सगळ्या देशाला सांगाव्या लागल्या.

‘पण यानंच मतं बदलतात,’ असं प्रचारातली अनुभवी मंडळी सांगतात. खरंच बदलतात का? डिसेंबर २०१४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. दारावर आलेल्या समलिंगी कार्यकर्त्याशी वीसेक मिनिटं बोलल्यावर मतदाराचं मत बदलतं आणि बदललेलं टिकतं, असा त्याचा निष्कर्ष. जगभर गवगवा झाला. मे २०१५मध्ये, आयर्लंडच्या मतदानाच्याच सुमारास, उघड झालं की आकडेवारीच बनावट होती. निबंध मागे घेतला गेला. ही बनवाबनवी ज्यांनी उघडकीला आणली त्यांच्यापैकी डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी मग खराखुरा प्रयोग केला, मायामीत, ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर. २०१६ साली तो छापून आला. साधारण दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम निदान तीन महिने टिकलेला दिसला. कार्यकर्ते भाषण ठोकत नव्हते. तुम्हाला कधी कुणी वेगळं ठरवून वाईट वागवलंय का, असं ते विचारत होते आणि समोरच्याचं ऐकत होते. आणि दारावर आलेला कार्यकर्ता स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम होतच होता.

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. मत बदलतं ते समोरच्याची जखम पाहून नव्हे, स्वतःची जुनी जखम आठवून. हे खरं असेल, तर ज्याचं लग्न अडलंय त्यालाच दारोदार पाठवण्याची गरज उरत नाही. ते काम बहीण करू शकते, ऑफिसातला सहकारी करू शकतो, निवृत्त मास्तर करू शकतात. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी ते केलं. त्यांचा मुलगा गे आहे. त्या स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, आणि ‘हो’च्या बाजूनं उघडपणे बोलल्या. ज्याला लग्नाचा हक्क आधीच आहे त्यानंच दुसऱ्यासाठी तो मागावा, यात प्रतिष्ठाही राहते आणि, प्रयोगावर विश्वास ठेवायचा तर, मतंही मिळतात. असं असूनही बहुतेक पाठीराखे काय करतात? फेसबुकवर इंद्रधनुष्य लावतात आणि दारावर त्या पोरालाच पाठवतात.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट. आयर्लंडच्या निकालानंतर महिनाभरानं, २६ जून २०१५ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क देशभर लागू केला. चाळीस दारं सोडा, त्या निकालासाठी एकही दार वाजवावं लागलं नाही. पण २०२२ साली त्याच न्यायालयातल्या क्लॅरेन्स थॉमस या न्यायमूर्तींनी तो निकाल पुन्हा तपासावा असं लिहून ठेवलं. पाच-चार असलेलं उद्या चार-पाच होऊ शकतं, ही भीती तिथल्या जोडप्यांना आजही आहे. आयर्लंडमध्ये ती नाही. ६२ टक्के ‘हो’, एक सोडून सगळे मतदारसंघ. परदेशात गेलेल्या सर्वसाधारण नागरिकाला तिथे टपालानं मत देता येत नाही, म्हणून पोरं-पोरी विमानानं, बोटीनं मत द्यायला परत आली. एवढ्या लोकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पुसायला कोण धजावेल?

हे मी नाकारत नाही. पण जनतेच्या त्या शिक्क्यामागे काय काय होतं तेही बघावं. आधी घटना परिषद बसली: ६६ सामान्य नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष. त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, विरोधकांना ऐकलं, आणि २०१३च्या एप्रिलमध्ये ७९ टक्क्यांनी विवाहाच्या बाजूनं कौल दिला. मुलांचा कायदा आधीच वेगळा झाला. दोन्ही बाजूंपासून अलिप्त असा आयोग मतदारांना प्रस्ताव समजावून सांगायला होता. त्याच दिवशी दुसरंही एक सार्वमत होतं, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं किमान वय ३५वरून २१वर आणण्याचं. ७३ टक्के लोकांनी ते फेटाळलं. म्हणजे भावनेच्या भरात दिसेल त्यावर ‘हो’ची फुली मारत सुटलेले लोक नव्हते ते. शिक्का उमटला कारण खाली कागद नीट सारखा केलेला होता. पाकीट पाठवून सरकारनं स्वतःची मान सोडवून घेणं याच्याशी त्याची बरोबरी होत नाही.

एक चूक माझ्या बाजूचे लोक हमखास करतात. ‘नाही’ म्हणणारा प्रत्येकजण द्वेष्टा, असं ठरवून मोकळे होतात. मी असे लोक ओळखते जे ‘नाही’ म्हणतील आणि तरीही माझ्या समलिंगी मित्राला आजारपणात रात्रभर सोबत करतील. त्यांना शब्दाचं वाटतं, देवाचं वाटतं, कधी नुसतंच बदलाचं वाटतं. त्यांच्याशी भांडावं, पण त्यांना राक्षस करू नये. अर्थात मीही हे लिहिते आहे ते आरामात, कारण माझं लग्न मतपत्रिकेवर नाही.

हरल्यावर काय होतं, त्याबद्दल कमी बोललं जातं. कॅलिफोर्नियात मे २००८मध्ये न्यायालयानं वाट मोकळी केली, नोव्हेंबरात मतदारांनी ५२ टक्क्यांनी ती बंद केली. मधल्या काही महिन्यांत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली होती, आणि ती पुढे न्यायालयानं कायम ठेवली. म्हणजे एकाच गल्लीत ऑक्टोबरात लग्न केलेल्या दोघी कायद्यानं विवाहित, आणि डिसेंबरातली तारीख ठरवलेल्या दोघी कुणी नाहीत. क्रोएशियात २०१३ साली ३८ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि तेवढ्यावर घटनेत विवाहाची व्याख्या आवळली गेली. स्लोव्हाकिया आणि रोमानियात असेच प्रयत्न फसले, कारण बहुसंख्य लोक घरीच बसले आणि किमान मतदानाची अट पुरी झाली नाही. कुणाचं लग्न व्हावं हे त्या दिवशी पाऊस किती पडला यावरही ठरू शकतं, असं या आकड्यांवरून वाटतं.

स्लोव्हेनियानं मात्र या गुंत्यातून काहीतरी शिकल्यासारखं केलं. २०१३ साली घटनेत दुरुस्ती करून त्यांनी ठरवलं की मानवी हक्कांबाबतचा घटनाभंग दूर करणाऱ्या कायद्यावर सार्वमत घेता येणार नाही. गंमत म्हणजे त्यानंतरही, २०१५ साली, तिथल्या घटना न्यायालयानं विवाहाच्या कायद्यावर सार्वमत होऊ दिलं आणि ६३ टक्क्यांहून जास्त मतांनी तो कायदा पडला. २०२२ साली त्याच न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणं हा घटनाभंग आहे असा निकाल दिला, संसदेनं कायदा बदलला, आणि या वेळी तो मतपेटीपर्यंत नेता आला नाही. मधल्या सात वर्षांत ज्यांचा जोडीदार गेला, त्यांच्यासाठी या सुधारणेचा उपयोग नाही.

‘लोकांना विचारलं तर काय बिघडलं,’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना आकडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची बंदी उठवली. पुढच्या वर्षी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेनं लोकांना विचारलं, असे विवाह तुम्हाला मान्य आहेत का? ‘हो’ म्हणाले २० टक्के.

ऑस्ट्रेलियाचा निकाल १५ नोव्हेंबर २०१७ला लागला. ६१.६ टक्के ‘हो’. लोक रस्त्यावर नाचले, आणि नाचायला हवंच होतं. ७ डिसेंबरला संसदेनं कायदा मंजूर केला, विरोधात कनिष्ठ सभागृहात फक्त चार मतं. पण सांख्यिकी खातं हे सांख्यिकी खातं. त्यानं देशाचा आकडा देऊन हात झटकले नाहीत. दीडशेच्या दीडशे मतदारसंघांचे आकडे वेगवेगळे जाहीर केले. सतरा मतदारसंघांत ‘नाही’ जिंकलं. सिडनीच्या पश्चिमेला ब्लॅक्सलंड नावाचा मतदारसंघ आहे. तिथला एखादा सतरा वर्षांचा मुलगा, ज्यानं घरात अजून काहीच सांगितलेलं नाही, त्याला त्या सकाळी दोन गोष्टी एकदमच कळल्या. त्याला पुढेमागे लग्न करता येणार. आणि रोज बसथांब्यावर, दुकानात, जिन्यात भेटणाऱ्यांपैकी किती जणांना ते नको होतं, तेही. दशांशचिन्हासकट: ७३.९ टक्के.